मॅट टाकीवरचे बोअरच्या पाण्याचे डाग कसे काढावेत

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहणाऱ्या एकांनी विचारलंय: गाडी म्हणजे मोटरसायकल, काळी, मॅट म्हणजे बिनचमकीच्या रंगाची. सोसायटीत गाड्या धुणारा माणूस रोज सकाळी बोअरच्या पाण्यानं धुतो. पेट्रोलच्या टाकीवर आणि साइड पॅनेलवर पांढरट कडी उठली आहेत, शाम्पूनं धुऊनही जात नाहीत. गॅरेजवाला ‘रबिंग मारून देतो’ म्हणतो, शेजारी टूथपेस्ट सुचवतात. कोणाचं ऐकावं?

दोघांचंही ऐकू नका. रबिंगनं, म्हणजे घासून चमकवणाऱ्या पेस्टनं, डाग जाईल, पण त्या जागी तळहाताएवढा चकचकीत पट्टा उठेल आणि तो पुन्हा मॅट होत नाही. टूथपेस्टचंही तेच. शिवाय बऱ्याच टूथपेस्टमध्ये दात घासायला जी पूड घातलेली असते ती कॅल्शियम कार्बोनेटचीच असते, आणि बोअरच्या पाण्याचे डागही मुख्यतः त्याचेच. म्हणजे जे काढायचं तेच वरून चोळायचं.

मॅटमध्ये खालचा रंग नेहमीसारखाच असतो. फरक वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे पेंटर ज्याला लॅकर म्हणतात त्यात असतो. त्यात बारीक सिलिका मिसळलेली असते, त्यामुळे लॅकर सुकल्यावर पृष्ठभाग अगदी सूक्ष्म खडबडीत राहतो. बाथरूमच्या दुधी काचेसारखा तो उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून चमकत नाही. हा खडबडीतपणा हीच मॅट रंगाची सगळी मिळकत. कंपाउंड, रबिंग पॉलिश, भांड्यांची घासणी किंवा धूळ असताना कोरडं फिरवलेलं फडकं यांपैकी काहीही जोरात चाललं की ते बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. वॅक्स आणि डॅशबोर्ड पॉलिश उलटं काम करतात, उंचवट्यांमधल्या खाचा भरतात. दोन्हीचा परिणाम एकच: ठिगळासारखी चमक. त्यामुळे मॅटवर डाग घासून काढायचा विचारच सोडायचा आणि तो विरघळवायचा.

विरघळतो, कारण तो मळ नाही, दगड आहे. ठाण्याचं किंवा नवी मुंबईचं नळाचं पाणी धरणात साठलेलं पावसाचं पाणी असतं, भातसा असो की मोरबे, आणि ते तुलनेनं मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट उचलतं. पाण्यात असेपर्यंत ते दिसत नाहीत. पाणी तापलं किंवा उडून गेलं की त्यांचं कार्बोनेट होतं, आणि ते साध्या पाण्यात पुन्हा विरघळत नाही. गीझरच्या कॉइलवर बसतो तो हाच थर. एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर पाणी असतं. ६०० टीडीएसचा, म्हणजे लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेल्या पाण्याचा, थेंब वाळला की मागे ०.०३ मिलिग्रॅम क्षार उरतात. हे नगण्य वाटतं, पण थेंब वाळताना पाणी कडेकडे सरकतं आणि सगळे क्षार काठावर जमतात. म्हणून डाग भरीव ठिपका न दिसता कड्यासारखा दिसतो. रोज त्याच ओघळाच्या जागी नवा थेंब वाळला की महिन्याभरात कडं बोटाला लागायला लागतं.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि काठिण्याची, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, २००. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्याकडे टीडीएसचं पेन असतं. बोअरचं पाणी बाटलीत भरून ठेवा आणि त्याच्याकडून मोजून घ्या. फक्त एक लक्षात घ्या, टीडीएस म्हणजे काठिण्य नव्हे. खाडीलगतच्या बोअरला मिठामुळेही आकडा चढतो, आणि मिठाचा डाग साध्या पाण्यानंच निघून जातो. खरी परीक्षा साबणाची. साबणाला फेस धरायला वेळ लागत असेल आणि पांढरट साका येत असेल तर पाणी जड आहे, डाग चुन्याचे आहेत.

पण सगळे पांढरे डाग चुन्याचे नसतात, म्हणून आधी ओळख पटवा. गाडी धुऊन, टिपून, १५ मिनिटं पूर्ण वाळू द्या. ओल्या मॅटवर डाग दिसत नाही. ‘गेला’ म्हणून फडकं ठेवावं आणि चहा होईपर्यंत तो परत हजर. बोटावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून डागावरून अलगद फिरवा, पिशवीतून खरखर जास्त जाणवते. खरखर लागली तर वर काहीतरी बसलेलं आहे आणि ते निघेल. गुळगुळीत लागूनही कडं दिसत असेल तर एक तर थर फार पातळ आहे किंवा लॅकर खाल्लं गेलं आहे. ते कळायला एकाच डागावर पुढे दिलेला प्रयोग करून पाहायचा.

एसीच्या पाण्याचे डाग वेगळे. ते पाणी हवेतल्या वाफेचं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. त्याचा थेंब पॅनेलवरची धूळ गोळा करून कडं करतो, ते शाम्पूनं जातं. पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाभोवती ओघळलेल्या पेट्रोलचं किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी हाताच्या ऑइलचं कडं काळपट, तेलकट दिसतं. त्याला पुढे दिलेलं व्हिनेगरचं आम्ल उपयोगी नाही. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी दोन भाग, हे फडक्यावर घेऊन टिपायचं. आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकतात तिथे, किंवा बेल्टचं बक्कल लागतं तिथे जी चमक असते ती झीज आहे. तिला इलाज नाही, पुढे ती वाढू नये म्हणून टँक पॅड लावता येतो एवढंच.

सगळ्यात चिवट प्रकार पार्किंगमधला. पोडियमच्या किंवा स्टिल्टच्या (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्याच्या) गळक्या स्लॅबमधून ठिबकणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येतं. ते तीव्र अल्कधर्मी असतं, हवा लागली की त्याचा पांढरा खडा होतो. हे नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं खरवडण्याचा मोह होतो. खरवडू नका, खड्याबरोबर खालचं लॅकरही ओरखडलं जातं.

आता सामान. पांढरं व्हिनेगर लागेल, शंभराच्या आत बाटली मिळते. लेबलवर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ४ किंवा ५ टक्के लिहिलेलं असतं. तपकिरी, फळांचं किंवा मसाल्याचं व्हिनेगर नको, त्यात साखर आणि रंग असतो. डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन घ्या. स्पेअर पार्टच्या दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं. दुकानदारानं बॅटरीचं अ‍ॅसिड तर दिलं नाही ना हे लेबल वाचून बघा, कारण ते सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. शाम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, हवा, आणि त्याच्या बाटलीवर वॅक्स, शाइन, ग्लॉस यांपैकी एकही शब्द असेल तर ती दुकानातच ठेवा. ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) चार मायक्रोफायबर फडकी, शिवलेली लेबलं कापून. मेकअप काढायचे कापसाचे गोल पॅड, दोन बादल्या, हातमोजे. जुना बनियन नको, त्याची शिवण आणि तिच्यात अडकलेली वाळू हाच मॅटचा शत्रू.

गाडी सावलीत आणि पूर्ण गार असावी. टाकीखाली इंजिन असतं, त्यामुळे ऑफिसातून आल्या आल्या काम सुरू केलं तर वरचं पाणी बघता बघता उडतं आणि तुम्ही डाग काढता काढता नवे पाडता. सकाळी सात-आठची वेळ चांगली.

आधी पाइपच्या मंद धारेनं धूळ उतरवा. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. पॅनेलवर फिरवलेलं फडकं दर वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवायचं. हात वजनाशिवाय, सरळ रेषेत. गोल गोल फिरवायचं नाही. धुऊन झालं की कोरडं फडकं पसरून ठेवायचं आणि वरून थोपटून उचलायचं. टिपायचं, पुसायचं नाही.

मग द्रावण: १०० मिली व्हिनेगर आणि १०० मिली डिस्टिल्ड पाणी, म्हणजे दोन-अडीच टक्के आम्ल. चुन्याला एवढं पुरतं आणि शाबूत लॅकरला एक-दोन मिनिटांत त्यानं काही होत नाही. पहिला प्रयोग दिसणार नाही अशा ठिकाणी करा, सीटखाली जाणारी पॅनेलची कड किंवा टाकीचा खालचा काठ. स्टिकर लॅकरच्या वर चिकटवलेले असतील तर त्यांच्या कडांपासून दूर राहा. झाकणाची चावीची फट आणि भोवतीची खाच कोरड्या फडक्यानं झाका, तिथे आम्ल साचून राहायला नको. चेन, डिस्क, अ‍ॅल्युमिनियमची उघडी कव्हरं आणि झिंकचे बोल्ट यांच्यावर प्लॅस्टिक टाका. अ‍ॅल्युमिनियम आणि झिंक दोन्ही आम्लाला भुलतात, त्यांच्यावर राखाडी डाग पडतात आणि ते काढणं हा वेगळाच उद्योग होतो.

द्रावण टाकीवर फवारायचं नाही. ओघळ जातो आणि काठावर वाळतो. कापसाचा पॅड भिजवून, किंचित पिळून डागावर ठेवा. उभ्या पॅनेलवरही तो चिकटून राहतो. एक मिनिट थांबा. खडा जाड असेल तर बारीक बुडबुडे दिसतील, तो कार्बन डायऑक्साइड. काम चाललंय याची ती खूण. पॅड सरळ वर उचला, बाजूला ओढू नका, कारण सुटलेले कण त्याच्याखाली असतात. लगेच त्या भागावर १००-१५० मिली डिस्टिल्ड पाणी ओता आणि टिपा. एका वेळी वीतभर लांबी-रुंदीचाच भाग घ्या, म्हणजे द्रावण वाळायच्या आत धुता येतं. डाग उरला तर पुन्हा तेच, जास्तीत जास्त तीनदा. स्लॅबच्या ठिबकणीला दोन-दोन मिनिटांचे चार-पाच हात लागतात, मधे प्रत्येक वेळी धुऊन. तिथे घाई केली की हात आपोआप जोर लावतो आणि मग चमक उठते.

डाग निघाले की बऱ्याच जणांचा जीव वेगळ्याच कारणानं खाली-वर होतो: डागाच्या जागी आता गडद काळे गोल दिसतात. तुम्ही काही बिघडवलेलं नसतं. गोल ही रंगाची खरी छटा आहे. बाकी पॅनेलवर क्षारांची पातळ राखाडी झाक बसलेली असते, ती आता उघडी पडते. अशा वेळी १ भाग व्हिनेगर आणि ३ भाग पाण्याच्या द्रावणात फडकं भिजवून, घट्ट पिळून, सबंध पॅनेलवर टेकवत न्यायचं. अर्ध्या मिनिटात भरपूर पाण्यानं धुवायचं. मग पुन्हा शाम्पू, आणि शेवटचं विसळणं दोन लिटर डिस्टिल्ड पाण्यानं. आम्ल ‘मारायला’ खायचा सोडा लावू नका. गरज नाही, आणि न विरघळलेला सोडा खरखरीत असतो.

व्हिनेगरऐवजी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, चालेल का, असंही विचारलं जातं. लिटरला २० ग्रॅम, म्हणजे दोन टक्के, या प्रमाणात चालतं, वासही येत नाही. पण जाड थराला ते नको. सायट्रिक आम्ल आणि कॅल्शियम मिळून होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फार कमी विरघळतं, आणि धुवायला उशीर झाला की पांढरी धूसर झाक मागे राहते. व्हिनेगरनं होणारं अ‍ॅसिटेट लगेच धुतलं जातं, म्हणून माझी पसंती व्हिनेगरला. लिंबाची फोड मात्र कधीच नाही. तिच्यात साखर आणि गर असतो, सालीत तेल असतं, आणि फोड हातात आली की माणूस घासतोच. टॉयलेट क्लीनर, टाइल्सचं अ‍ॅसिड यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यानं चुना क्षणात जातो, आणि ते खाली ओघळलं की बोल्ट, चेन, अ‍ॅल्युमिनियमही. ‘वॉटर स्पॉट रिमूव्हर’ नावाचे तयार जेल मिळतात. त्यांपैकी मॅट रंगाला चालतं असं लेबलवर लिहिलेलं असेल तेच घ्या. काही जेलमध्ये आम्लाबरोबर पॉलिशही असतं. क्ले बार, म्हणजे रंगावरून फिरवून घाण ओढून काढायची मातीसारखी वडी, मॅटवर वापरू नये.

रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला की डाग गायब होतात, म्हणून हा उपाय फार लोकप्रिय आहे. तेल खाचांत भरतं, डाग ओला राहतो, ओला म्हणून दिसत नाही. चार दिवसांत तेल धूळ धरतं आणि डाग होता तिथेच असतो. वॉशिंग सेंटरमध्ये धुतल्यावर शेवटी जो चकाकीचा हात मारतात तोही याच जातीचा. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर ‘मॅट रंग, पॉलिश व वॅक्स नको’ हे लिहूनच घ्या, तोंडी सांगितलेलं धुणाऱ्यापर्यंत पोचत नाही. आधीच मारलेलं असेल तर वर दिलेल्या अल्कोहोलच्या द्रावणानं टिपून काढा आणि मगच आम्लाकडे वळा. तेलाच्या थरातून व्हिनेगर आत जात नाही, आणि ‘व्हिनेगर लावलं, काही झालं नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

तीन हात देऊनही डाग तसाच असेल तर दोन शक्यता. एक, क्षार कार्बोनेटचे नसून सल्फेटचे किंवा सिलिकाचे आहेत; त्यांना सौम्य आम्ल दाद देत नाही. सिलिका विरघळवणारी आम्लं फ्लुओराइडवाली असतात, ती त्वचेतून आत जाऊन इजा करतात. ती घरात आणूच नका, कोणी ‘स्पेशल केमिकल’ म्हणून दिलं तरी. दुसरी शक्यता, लॅकरच खाल्लं गेलं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या टाकीला हात टेकवत नाही. त्या उष्णतेत लॅकर मऊ पडतं आणि वर साचलेला क्षार, पक्ष्याची विष्ठा किंवा स्लॅबचं पाणी आत खोल जातं. असा डाग काढता येत नाही. थोडा असेल तर राहू द्या. रंगापेक्षा फिकट होऊन डोळ्यांत भरत असेल तर रंगवण्याचा विचार करा, त्याबद्दल शेवटी.

पुन्हा डाग पडू नयेत म्हणून आधी धुणाऱ्याशी बोला. एक बादली, एक फडकं आणि पार्किंगच्या दहा-बारा गाड्या, असं ते काम चालतं, त्यात त्याचा दोष नाही. त्याला सांगा, टाकी आणि पॅनेलला हात लावू नकोस, चाकं आणि मडगार्डची आतली बाजू धू. पैसे तेवढेच द्या. टाकी आठवड्यातून एकदा तुम्ही धुवा. बोअरचंच पाणी वापरावं लागलं तरी चालेल, फक्त शेवटचे दोन-तीन लिटर मऊ पाण्याचे हवेत. नळाचं, नाहीतर एसीच्या नळीखाली बादली लावून जमवलेलं आणि दुहेरी फडक्यातून गाळलेलं. एसीचं पाणी यासाठी फुकटातलं उत्तम पाणी आहे. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र गाडीला अजिबात वापरू नका. पाणी वाचवायचं म्हणून पुष्कळ घरांत ते बादलीत भरून ठेवतात, फरशीला ठीक आहे. पण आरओनं पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

विसळल्यावर पाच मिनिटांच्या आत टिपून घ्या. आरशाची दांडी, टाकीचं झाकण, पॅनेलच्या फटी इथून उशिरा पाणी ओघळतं. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा छोटा ब्लोअर असेल तर तिथे मारा. पावसाचं पाणी स्वतः मऊ असतं, पण पहिल्या सरी हवेतली आणि बांधकामांची धूळ घेऊन उतरतात, आणि सिमेंटच्या धुळीत चुना असतोच. जूनमधल्या पहिल्या पावसात भिजलेली गाडी दुसऱ्या दिवशी उन्हात उभी राहण्याआधी साध्या पाण्यानं विसळा. कव्हर घालत असाल तर धुतलेल्या गाडीवर घाला. धुळीवर कव्हर टाकलं आणि वारा सुटला की ते रात्रभर टाकी घासत राहतं.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे लॅकरवर बसवायचा संरक्षक थर, केलं की डाग पडत नाहीत, असं सांगून विकलं जातं. कोटिंगवर पाण्याचे टपोरे मणी होतात; ते ओघळून गेले तर छान, नाही तर प्रत्येक मणी आपले क्षार एकाच जागी सोडून वाळतो. फायदा एवढाच की क्षार लॅकरला थेट चिकटत नाहीत, लवकर सुटतात. मॅटसाठीचं स्प्रे सीलंट (फवारून द्यायचा पातळ संरक्षक थर) दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. गार, कोरड्या पॅनेलवर, फवारा फडक्यावर मारून, पातळ.

हे सगळं लॅकर असलेल्या मॅट रंगाला लागू आहे. काळा सायलेन्सर उष्णतारोधक रंगाचा असतो, त्यावर लॅकर नसतं. तिथे एक सौम्य हात, १ भाग व्हिनेगर ३ भाग पाणी, पूर्ण गार असताना, आणि तेवढ्यावर थांबा. न रंगवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या मडगार्डला नेहमीचं १:१ द्रावण आणि मऊ ब्रश चालतो.

रंगवायचीच वेळ आली तर साइड पॅनेलसाठी आधी कंपनीच्या तयार रंगवलेल्या पार्टची किंमत विचारा. रंगवून घेण्यापेक्षा ते अनेकदा सोपं पडतं, छटाही जुळते. टाकी मात्र रंगवावी लागते, आणि मॅट लॅकर मारणं चकचकीतपेक्षा अवघड आहे, कारण नंतर घासून चूक झाकता येत नाही. एक धुळीचा कण बसला तर सबंध टाकी पुन्हा. हाताचं अंतर, थराची जाडी आणि दोन थरांमधला वेळ बदलला की मॅटपणा बदलतो. त्यामुळे पेंटरला आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर तेच लॅकर मारायला सांगा, ते पूर्ण सुकू द्या, आणि तो तुकडा दिवसाउजेडी गाडीच्या दुसऱ्या पॅनेलशेजारी तिरका धरून बघा. जुळलं तर टाकी उतरवून द्या, नाहीतर दुसरा पेंटर शोधा.